पायऱ्या गाळलेलं गणित

उत्तर बरोबर आलं तरी मी पूर्ण गुण देत नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मी तीस वर्षं गणिताच्या शिकवण्या घेते आहे, आणि "पायऱ्या कुठे आहेत?" हा माझा प्रश्न काही घरांत आता आई आणि मुलगी अशा दोघींनी ऐकला आहे. वर प्रश्न, खाली उत्तर, मध्ये कोरी जागा. ते उत्तर मुलाने स्वतः काढलं, शेजारच्या वहीतून उचललं की अंदाजाने ठोकलं, हे त्या कोऱ्या जागेवरून कळत नाही. तिथे काहीही असू शकतं. देवसुद्धा.

हे 'देवसुद्धा' मला शेजारच्या आजींमुळे सुचलं. आजींनी पंच्याऐंशी ओलांडली आहे. लग्न होऊन आमच्या 'चिटणीस की गोठ' या मोहल्ल्यात आल्या त्याला साठाहून जास्त वर्षं झाली. परवा त्यांच्या नातवाने मोबाइल तोंडाजवळ धरला आणि मराठीतच विचारलं, लिंबाच्या लोणच्याला बुरशी का येते? फोन बाईच्या आवाजात बोलायला लागला: मीठ कमी पडलं असेल, बरणी ओली राहिली असेल, फोडी खारात पूर्ण बुडाल्या नसतील. आजी सुनांना वर्षानुवर्षं सांगत आल्या ते अगदी हेच. त्या थोडा वेळ फोनकडे बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "अगं, आत कोणी अंतर्ज्ञानी बसलाय का? ह्याला माझ्या बरणीतलं कसं कळलं?"

नातू हसला. मला हसू आलं नाही. प्रश्न चोख होता, आणि त्याचं उत्तर नातवालाही येत नव्हतं. फोन बोलतो याची त्याला फक्त सवय झाली होती. सवय आणि समज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चमत्काराबद्दल बोलताना आपण त्यांची नेहमी गल्लत करतो. आजींच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देते, कारण तिथपर्यंत जायला पायऱ्या लागतील.

पहिली पायरी आमच्याच किल्ल्यावर आहे. गुजरी महालाकडून चढण चढायला लागलं की वाटेत अख्ख्या दगडात कोरलेलं एक छोटं चतुर्भुज मंदिर लागतं. आत भिंतीवर विक्रम संवत 933 मधला, म्हणजे इसवी सन 876 चा शिलालेख आहे. मजकूर साधा, देणगीचा: देवळासाठी 187 हात बाय 270 हात अशी फुलबागेची जमीन, आणि रोज 50 माळा. पण 270 आणि 50 हे आकडे आपण आज लिहितो त्याच पद्धतीने लिहिलेले आहेत, शेवटी एक छोटंसं वर्तुळ काढून. ज्यांच्यावर तारीख आहे अशा भारतातल्या अगदी जुन्या शून्यांपैकी हे एक. लांबलांबून माणसं ते बघायला येतात. आमच्याकडची कितीतरी मुलं त्याच्यासमोरून धावत वर जातात.

शून्यात एवढं काय आहे? त्याने जागा राखली जाते. 270 मधला 7 हा सात नसून सत्तर आहे, आणि तो सत्तर आहे हे त्याच्या उजवीकडचं शून्य सांगतं. अंकाची किंमत त्याच्या जागेवरून ठरते, म्हणून फक्त दहा चिन्हांत कितीही मोठी संख्या लिहिता येते आणि, त्याहून महत्त्वाचं म्हणजे, तिच्यावर कागदावरच हिशोब करता येतो. रोमन पद्धतीत 187 लिहायला आठ अक्षरं लागतात आणि 270 लिहायला पाच. ती एकाखाली एक मांडून गुणाकार करून बघा, एक-दोन ओळींतच हात टेकाल. म्हणून युरोपात हिशोब फळ्यावर खडे सरकवून करायचे आणि आलेलं उत्तर तेवढं अक्षरांत लिहून ठेवायचे.

आता दहाव्या शतकातल्या गेरबेर नावाच्या फ्रेंच विद्वानाची गोष्ट. तरुणपणी तो स्पेनच्या उत्तरेला, कॅटालोनियात शिकायला गेला. भारतातून अरबांकडे आणि अरबांकडून स्पेनपर्यंत पोचलेले नऊ अंक तिथे त्याला भेटले. परत येऊन त्याने ते अंक लिहिलेल्या सोंगट्या वापरून हिशोबाची पाटी तयार केली. (शून्य तिथे लागत नव्हतं, रिकामा रकानाच त्याचं काम करत होता.) त्या काळी ज्या भागाकाराला लोकांचे तासन् तास जायचे, तो हा माणूस सोंगट्या हलवून पटकन सांगायचा. 999 मध्ये तो पोप झाला, 1003 मध्ये वारला. त्यानंतरच्या शे-दीडशे वर्षांत त्याच्याबद्दल काय लिहिलं गेलं? त्याने सैतानाशी करार केला होता. त्याच्याकडे पितळेचं एक बोलकं डोकं होतं, प्रश्न विचारला की ते 'हो' किंवा 'नाही' सांगायचं.

आमची तिसरीतली मुलं जे अंक रोज गिरवतात, त्यांच्यासाठी एका पोपवर सैतानाशी हातमिळवणी केल्याचा आळ आला. अंक तेच. मधल्या पायऱ्या स्पेनमध्ये आणि बगदादमध्ये राहिल्या होत्या. रोममधल्या माणसाला फक्त प्रश्न आणि उत्तर दिसलं, आणि मधली कोरी जागा त्याने आपल्याकडे होतं त्याने भरली. त्याच्याकडे सैतान होता. दुसऱ्या कुणाकडे देव असता, तर त्याने गेरबेरला संत केलं असतं.

पायऱ्या अशा दूर राहून गेल्या तर त्यात कुणाचा दोष नसतो. मुद्दाम झाकलेल्या पायऱ्यांचं तसं नाही, आणि झाकण्याची विद्याही फार जुनी आहे. पहिल्या शतकात अलेक्झांड्रिया शहरात हेरॉन नावाचा एक यंत्रज्ञ होता. त्याने देवळाचे दरवाजे आपोआप उघडण्याची रचना लिहून ठेवली आहे. पुजारी वेदीवर अग्नी पेटवतो. थोड्या वेळाने दरवाजे स्वतःहून उघडतात, जणू देवाने आहुती स्वीकारली. अग्नी विझला की दरवाजे मिटतात. आता जमिनीखाली काय चालतं ते बघा. वेदीखालच्या बंद पोकळीतली हवा तापते आणि पसरते. ती शेजारच्या भांड्यातल्या पाण्यावर दाब देते. पाणी वाकड्या नळीतून टांगलेल्या बादलीत जातं, बादली जड होऊन खाली येते. तिच्या दोऱ्या दरवाजांच्या खांबांना गुंडाळलेल्या असतात, ते खांब फिरतात आणि दारं उघडतात. अग्नी थंडावला की हवा आकसते, पाणी त्याच नळीतून मागे खेचलं जातं, बादली हलकी होते आणि दुसऱ्या बाजूचं वजन दारं मिटवतं. तापलेली हवा पसरते, एवढाच नियम. तव्यावरची पोळी फुगते तीही वाफ पसरायला जागा शोधते म्हणूनच. पोळी फुगली म्हणून स्वयंपाकघरात कुणी हात जोडत नाही, कारण तवा, आच आणि पोळी तिन्ही समोर दिसत असतात.

आमच्या जयविलास महालातही असाच एक प्रकार आहे, पण फसवणुकीचा लवलेश नसलेला. जेवणाच्या लांब टेबलावर रुळ आहेत आणि त्यावरून चांदीची छोटी आगगाडी धावते. एकेका डब्यावर शिंदे नावाचं एकेक इंग्रजी अक्षर. पाहुण्याने तिच्यावरची सुरई उचलली की गाडी थांबते, सुरई परत ठेवली की पुढे निघते. मुलांना घेऊन गेले की कुणीतरी हमखास विचारतं, "गाडीला कसं कळतं?" आजींचा प्रश्न तोच! गाडीला काहीच कळत नाही. ती विजेवर चालते. सुरई जागेवर असली की विजेचा रस्ता पुरा असतो आणि उचलली की तुटतो. फ्रिजचं दार उघडल्यावर आत दिवा लागतो त्याचा हा सख्खा भाऊ, फक्त उलटा: तिथे दार मिटलेलं असताना कळ दाबलेली राहते आणि दिवा बंद असतो.

हीच वीज दुसऱ्या माणसाच्या हातात काय होऊ शकते ते 1856 मध्ये अल्जेरियात दिसलं. तिथल्या फकिरांचा लोकांवर फार प्रभाव होता, आणि तो मोडण्यासाठी फ्रेंच सरकारने रोबेर-उदँ नावाचा आपला नामांकित जादूगार मुद्दाम तिकडे पाठवला. त्याने रंगमंचावर एक छोटी पेटी ठेवली. एका धिप्पाड माणसाला बोलावून ती उचलायला लावली, त्याने सहज उचलली. मग, मी तुझी ताकद काढून घेतली आहे असं सांगून पुन्हा उचलायला लावली. पेटी तसूभर हलेना. पेटीच्या तळाला लोखंड होतं आणि जमिनीखाली विजेचा चुंबक. तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडली की आतलं लोखंड चुंबक होतं, वीज थांबवली की पुन्हा साधं लोखंड. ही गोष्ट तेव्हा तीसेक वर्षं विज्ञानाला ठाऊक होती. त्या धिप्पाड माणसाला ठाऊक नव्हती, आणि सगळा खेळ त्या फरकावर उभा होता. मला हा प्रसंग वाचताना दरवेळी राग येतो. ज्याच्याकडे ज्ञान होतं त्याने ते समोरच्याला लहान करण्यासाठी वापरलं.

ग्रहणाची गोष्ट मात्र मला मनापासून आवडते, कारण तिच्यात यातलं सगळं एकत्र येतं.

24 ऑक्टोबर 1995. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन झालं होतं. सकाळी साडेआठच्या सुमारास सूर्यग्रहण लागलेलं होतं. पूर्ण सावलीचा पट्टा आमच्या उत्तरेकडून, फत्तेपूर सिक्रीच्या बाजूने गेला. ग्वाल्हेरला सूर्याची बारीक कोर तेवढी उरली. माझ्या शिकवण्यांचं ते पहिलंच वर्ष. आमच्या वाड्यात कडुलिंब होता, आणि त्याच्या पानांतून समोरच्या भिंतीवर पडणारे उन्हाचे कवडसे एरवी गोल असायचे. त्या सकाळी भिंतीभर शेकडो चंद्रकोरी पडल्या. माझ्या सासूबाई दारातच थांबल्या आणि त्यांनी भिंतीला नमस्कार केला. पानांमधली प्रत्येक बारीक फट सूर्याची प्रतिमा भिंतीवर पाडते. रोजचा गोल कवडसा म्हणजेही सूर्याचं चित्रच असतं, त्याच्याकडे आपण कधी बघत नाही इतकंच. मी हे त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, कोरी पुन्हा एकदा निरखून बघितल्या, आणि नमस्कारही पुन्हा केला.

ग्रहण आधी कसं सांगता येतं? चंद्र महिन्यातून एकदा सूर्याच्या दिशेला येतो, म्हणजे अमावास्येला. पण त्याची वाट पृथ्वीच्या वाटेशी सुमारे 5 अंशांनी कललेली आहे, म्हणून बहुतेक अमावास्यांना तो सूर्याच्या थोडा वरून किंवा खालून निघून जातो. या दोन वाटा एकमेकींना छेदतात ते दोन बिंदू म्हणजे आपल्या ज्योतिर्गणितातले राहू आणि केतू. अमावास्या या बिंदूजवळ पडली तर सूर्यग्रहण, पौर्णिमा पडली तर चंद्रग्रहण. मला यात फार मौज वाटते: कथेतल्या राक्षसाचं नाव गणितातल्या बिंदूला दिलं गेलं आणि दोघंही सुखाने नांदत राहिले. आर्यभटाने 499 मध्येच लिहून ठेवलं होतं, की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते.

आता आकडे. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी 29.53 दिवस. अशा 223 अमावास्या म्हणजे 6585 दिवस आणि सुमारे 8 तास. चंद्र एका छेदबिंदूवरून निघून पुन्हा तिथेच यायला सुमारे 27.21 दिवस घेतो, आणि अशा 242 फेऱ्यांनाही जवळजवळ तेवढेच दिवस लागतात. म्हणजे 18 वर्षं आणि मधल्या लीप वर्षांप्रमाणे 10 किंवा 11 दिवस उलटले, की सूर्य, चंद्र आणि छेदबिंदू पुन्हा जवळपास त्याच मांडणीत येतात. 24 ऑक्टोबर 1995 नंतर 18 वर्षं 10 दिवसांनी, 3 नोव्हेंबर 2013 ला, त्याच मालिकेतलं पुढचं ग्रहण झालं. ते आम्हाला दिसलं नाही. उरलेल्या 8 तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून सावलीचा पट्टा पश्चिमेकडे सरकून अटलांटिक आणि आफ्रिकेवरून गेला. एवढं कळायला दुर्बीण लागत नाही. पिढ्यान् पिढ्या टिपून ठेवलेल्या नोंदी लागतात, आणि त्या जपणारी माणसं.

1504 मध्ये कोलंबस जमैकाच्या किनाऱ्यावर अडकून पडला होता. जहाजं कुजली होती. तिथले ताईनो लोक महिनोन् महिने त्याच्या माणसांना अन्न पुरवत होते, मग त्यांनी ते बंद केलं. कोलंबसाकडे जर्मन गणिती रेगिओमोंटानसची कोष्टकं होती, आणि त्यात 29 फेब्रुवारीच्या रात्रीचं चंद्रग्रहण दिलेलं होतं. त्याने गावप्रमुखांना बोलावून सांगितलं, की माझा देव तुमच्यावर रागावला आहे, आज चंद्र लाल होईल. चंद्र लाल झाला. (पृथ्वीच्या वातावरणातून वळून गेलेला लाल प्रकाशच तेवढा त्या सावलीत पोचतो, म्हणून.) कोलंबस केबिनमध्ये जाऊन वाळूच्या घड्याळावर वेळ मोजत बसला, आणि ग्रहण सुटायच्या बेताला बाहेर येऊन म्हणाला, देवाने क्षमा केली. अन्न पुन्हा सुरू झालं.

ताईनोंनी चंद्रग्रहणं आधी पाहिली असणारच. त्यांना हादरवलं ते ग्रहणाने नव्हे, ग्रहण आधी सांगता येतं याने. आणि आपण? आपल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर वर्षभराची ग्रहणं मिनिटांसकट छापलेली असतात. त्यांच्याकडे बघून कुणी थरारत नाही. आपल्याला त्या पायऱ्या समजल्या आहेत म्हणून का? शिकवणीतल्या मुलांना मी दरवर्षी विचारते. राहू हा छेदबिंदू आहे हे क्वचितच कुणाला ठाऊक असतं. चमत्कार तिथे सवयीने विरला, समजुतीने नाही. सवयीने विरला की भीतीबरोबर आश्चर्यही जातं. समजून घेतलं की भीती जाते, पण भिंतीवरची कोर बघताना अंगावर काटा येतच राहतो. माझ्या तरी.

1520 च्या सुमारास कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने ग्रहगणितात एक मोठं काम केलं. 'ज्या' (म्हणजे त्रिकोणमितीतलं साइन) कोष्टकांची अवघड वाट टाळून, साध्या गणिताने चालणाऱ्या रीती त्याने बसवून दिल्या, आणि मग पंचांग करणं गावोगावच्या जोशांच्या हाती आलं. कोलंबसाच्या सोळा वर्षं नंतरची ही गोष्ट. त्याने ज्ञान झाकलं, याने पायऱ्या सोप्या करून वाटल्या. कुणाचं नाव जगभर गेलं ते सांगायला नको.

कोलंबसाची ही हकिगत आपल्याला कोलंबसाच्या बाजूनेच कळते. त्याच्या मुलाने ती लिहिली. ताईनोंनी त्या रात्री आपसात काय म्हटलं, हे लिहिणारं कुणी नव्हतं. अझ्टेक लोकांनी कोर्तेसला परत आलेला देव मानलं, ही गोष्टही जिंकणाऱ्यांच्या बाजूने कित्येक वर्षांनी लिहिली गेली आणि आज अनेक इतिहासकारांना ती पटत नाही. 'ते आम्हाला देव समजले' असं कुणी म्हणालं, की ते कोण सांगतंय हे मी आधी विचारते.

असं विचारावंसं का वाटतं, तेही सांगते. आजींचे यजमान बिर्लानगरच्या कापड गिरणीत फिटर होते. खंडेनवमीला गिरणीत मागांना झेंडूच्या माळा, हळद-कुंकू, नारळ. फिटरकाकांनी तो माग बोल्ट न् बोल्ट सोडवून पुन्हा जोडलेला असायचा. आवाजावरून कुठला दाता झिजलाय हे ते सांगायचे. त्या मागात देव बसला आहे असं त्यांना वाटत होतं का? ज्याच्यावर घर चालतं त्याच्यापुढे वर्षातून एकदा वाकायचं, असं ते होतं. मुलं वहीवर सरस्वती काढतात, दुकानदार तराजूला कुंकू लावतो. बाहेरून आलेल्या कुणी ते पाहिलं असतं, तर वहीत टिपलं असतं: इथले लोक यंत्राला देव मानतात. नमस्कार म्हणजे अज्ञान असा हिशोब मांडणाऱ्याच्या पायऱ्या मला तपासाव्याशा वाटतात.

आपली भाषाच बघा. अंगावर फोड आणणाऱ्या त्या जीवघेण्या रोगाला आपण 'देवी' म्हणत आलो. देवी आल्या, देवी निघाल्या, तोंडावर देवीचे वण. 1796 मध्ये जेन्नरने दाखवून दिलं, की गाईंना होणाऱ्या सौम्य फोडांची लस टोचली तर माणूस या रोगापासून वाचतो. शरीराला साधा शत्रू दाखवायचा, म्हणजे त्याच्या मोठ्या भावाशी लढायची तयारी आधीच होऊन बसते. ही लस माणसांच्या दंडावरून दंडावर उतरवत बगदाद, बसरा करत मुंबईला पोचली, आणि 14 जून 1802 ला तीन वर्षांच्या एका मुलीला टोचली गेली. आपल्या लोकांनी त्या लशीला नाव काय दिलं? देवीच. 'देवी टोचल्या', 'देवी काढल्या'. रोगही देवी, औषधही देवी. आजींच्या दंडावर ती गोल खूण अजून आहे. 1980 मध्ये जगातून हा रोग गेल्याचं जाहीर झालं, आणि आजच्या मुलांच्या दंडावर ती खूण नाही. "मला देवी टोचल्यात" असं आजी म्हणतात तेव्हा त्यांना लस म्हणजे काय ते पक्कं ठाऊक असतं. शब्द जुना राहिला, समज पुढे गेली. म्हणून 'अंतर्ज्ञानी' हा शब्द ऐकून मी आजींना अडाणी ठरवायला तयार नाही.

ग्वाल्हेरवर लिहायचं आणि गाण्याबद्दल बोलायचं नाही, हे जमणार नाही. हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीपाशी चिंचेचं झाड आहे, त्याची पानं चघळली की गळा गोड होतो म्हणून पिढ्यान् पिढ्या गवई ती चघळत आले. दीपक रागाने दिवे लागल्याची कथा तर सगळ्यांनाच माहीत आहे. चांगलं गाणं ऐकलं की आपण चटकन 'दैवी देणगी' म्हणतो. पण कसलेल्या माणसाच्या डोक्यात काय चालतं, त्याचे सुंदर प्रयोग झाले आहेत. 1973 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बुद्धिबळाच्या खेळाडूंना पट फक्त पाच सेकंद दाखवला. खऱ्या डावातली मांडणी असेल तर निष्णात खेळाडू बरीचशी मोहरी जागच्या जागी मांडून दाखवायचा, नवशिक्याला चार-पाच जमायची. मग तीच मोहरी पटावर कशीही विखुरली. निष्णात खेळाडू नवशिक्याच्या रांगेत येऊन बसला! त्याची स्मरणशक्ती अलौकिक नव्हतीच. वर्षानुवर्षांच्या सरावाने तो सुटी मोहरी न पाहता ओळखीच्या जुळण्या पाहत होता, जसं आपण अक्षरं न वाचता अख्खे शब्द वाचतो. तानेचंही तसंच असणार, असं मला वाटतं. गवई ती सूर सूर आठवून घेत नाही, त्याच्या गळ्यात अख्खे तुकडे बसलेले असतात.

घराण्यांत हे तुकडे जपून, कधी लपवून ठेवले जात. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या भावांनी पडद्याआडून बडे महंमद खाँची तान ऐकून ऐकून उचलली, अशी गोष्ट इथे अजून सांगतात. पुढे वासुदेवबुवा जोशींनी ही गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांना दिली आणि ती महाराष्ट्रात गेली. 1918 मध्ये माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने भातखंड्यांनी ग्वाल्हेरला संगीत विद्यालय काढलं आणि बंदिशी स्वरलिपीत उतरवून मुलांपुढे ठेवल्या. कागदावर सगळं येत नाही, गुरूचा श्वास येत नाही, ही तक्रार खरी आहे. पण ज्याच्या घरात गाणं नव्हतं, त्या मुलाला निदान पहिली पायरी तरी दिसली.

आता आजींचा फोन. मी त्यांना एक खेळ खेळायला लावला. "आजी, 'नाचता येईना' म्हटलं की पुढे?" "अंगण वाकडं." "कसं कळलं?" "अगं, हजारदा ऐकलंय." फोनमागचं यंत्र मुळात हेच करतं. माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर त्याला वाचायला दिलेला असतो. त्यावरून, एवढे शब्द येऊन गेल्यावर पुढे कुठला शब्द यायचा संभव जास्त, याचा अंदाज करायला ते शिकतं. अंदाज चुकला की आतले आकडे किंचित बदलायचे आणि पुन्हा. असं इतक्या वेळा, की त्या अब्जावधी आकड्यांमधून अमुकच शब्द नेमका का आला, हे बनवणाऱ्यांनाही पूर्ण सांगता येत नाही. इथे पायऱ्या कुणी लपवलेल्या नाहीत, त्या मोजण्यापलीकडे गेल्या आहेत. आणि ते सगळे आकडे आत 0 आणि 1 मध्ये मांडलेले असतात. त्यातलं एक चिन्ह आमच्या किल्ल्यावरही आहे.

ते चुकतंही. मी त्याला काळ-काम-वेगाचं एक उदाहरण घातलं. उत्तर चुकीचं आलं, आवाज मात्र ठाम. मग मी पायऱ्या मागितल्या, आणि तिसऱ्या पायरीवर चूक सापडली.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे आत अंतर्ज्ञानी कुणी नाही. माझ्यासारख्या बायकांनी लोणच्याबद्दल जे सांगितलं, ते कुणी कुणी लिहिलं, आणि ह्याने वाचून ठेवलंय."

"हो आजी, तसंच."

"मग नाव का घेत नाही आमचं?"

त्या रविवारी मी सहावीतल्या दोन मुलींना घेऊन किल्ला चढले. चतुर्भुज मंदिरात किल्ल्याच्या रक्षकाचं, अल्ल नावाच्या माणसाचं, नाव शिलालेखात आहे, आणि राजा मिहिरभोजाचं राज्य होतं हेही आहे. ते छोटं वर्तुळ प्रथम कुणी काढलं याचा पत्ता नाही. मी मुलींना विचारलं, बाग केवढी होती? एकीने दप्तरातून वही काढली आणि बाहेरच्या पायरीवर मांडी घालून बसली. 187 लिहिले, खाली 270. पहिल्या ओळीत नुसती शून्यं टाकली. दुसऱ्या ओळीला आधी एक शून्य मांडून सात साते एकोणपन्नास केलं, नऊ लिहून हातचे चार घेतले. दुसरी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती. "हातचे विसरू नकोस," ती म्हणाली. तिसऱ्या ओळीला दोन शून्यं, मग बेरीज. 50,490 चौरस हात. तिने वही माझ्यापुढे धरली. पायऱ्या सगळ्या होत्या.